आजारी मांजर : घरातील एक अमानत

धायरीसारख्या उपनगरात इमारतीखाली सापडलेले मांजराचे पिल्लू मुले हौसेने घरी आणतात. पुढे ते उलट्या करू लागले, खाणे सोडले, की कोणीतरी म्हणते, ‘नेऊन सोडा त्याला.’ येथेच आपल्या ईमानाची कसोटी लागते.

बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत एका स्त्रीचा उल्लेख आहे. तिने मांजर कोंडले. त्यास ना अन्न दिले, ना भक्ष्य शोधण्यास मोकळे केले. ती शिक्षेस पात्र ठरली. यावरून स्पष्ट होते की, प्राणी पाळणे ऐच्छिक असले तरी त्याची देखभाल ऐच्छिक नाही. आणि आजारी प्राणी तर स्वतः भक्ष्यही शोधू शकत नाही.

उलट्या, जुलाब व मलूलपणा ही पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य रोगाची लक्षणे असू शकतात. त्यात शरीरातील पाणी झपाट्याने घटते; त्वरित पशुवैद्य गाठावा. हा रोग माणसास होत नाही. मात्र इतर मांजरांपासून रुग्णास वेगळे ठेवावे. पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नये. मांजरासाठी ती विष आहे.

हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी कलते केले आणि मांजर नापाक नसल्याची प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली. म्हणून सेवा करताना संकोच नसावा. कपड्यास वांती वा विष्ठा लागल्यास तेवढा भाग धुवून नमाज अदा करावी.

शिफा देणारा अल्लाहच आहे. मांजर वाचो वा न वाचो, मुक्या जीवाच्या सेवेचा सवाब वाया जात नाही. अल्लाह आपणांस ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.