अमेरिकेत वकील व्हायचंय? मग कॉलेज निवडताना सात वर्षांचा हिशोब मांडा

बारावीनंतर सीईटी किंवा क्लॅट द्यायची, पाच वर्षांत बीए-एलएलबी करायचे आणि सनद घ्यायची, ही आपल्याकडची ओळखीची वाट. अमेरिकेत ती नाही. तिथे आधी कुठल्याही विषयात चार वर्षांची पदवी घ्यायची, मग तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी घ्यायची आणि शेवटी ज्या राज्यात वकिली करायची त्या राज्याची बारची परीक्षा द्यायची. त्यामुळे बारावीच्या मुलाला किंवा मुलीला आज जे कॉलेज निवडायचे आहे, तिथे कायद्याची पदवी मिळणारच नाही. ‘रँकिंग कितवे?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. पण हे चार वर्षांचे कॉलेज पुढच्या तीन वर्षांसाठी किती गुण, किती ओळखी आणि किती पैसा शिल्लक ठेवेल, हे आधी विचारायला हवे.

वकिली कुठे करायची?

घरात सर्वांत आधी याच प्रश्नावर बोला. भारतातच वकिली करायची असेल, तर सात वर्षांचा अमेरिकी खर्च सहसा परवडत नाही. परदेशी विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीयाला, ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असली तरी, कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. अशांनी कायदा इथेच शिकावा आणि हौस असेल तर नंतर अमेरिकेत एक वर्षाची एलएलएम करावी. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया ही राज्ये परदेशी कायदा पदवीधरांना काही अटींवर बारची परीक्षा देऊ देतात, म्हणून तो दरवाजाही पूर्ण बंद होत नाही. जेडीची लांब वाट तिथेच वकिली करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

विषय कोणता घ्यावा?

जेडीच्या प्रवेशासाठी ठरावीक विषयाची अट नाही. ‘प्री-लॉ’ नावाची पदवी शोधत बसण्याचे कारण नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, गणित, रसायनशास्त्र, काहीही चालते. भरपूर वाचायला आणि लिहायला लावणारा, मनापासून आवडणारा विषय घ्यावा, कारण गुण त्यातच मिळतात. विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची आवड असेल तर मात्र ती सोडू नका. पेटंटच्या कामासाठी अशी पार्श्वभूमी सहसा लागते. शिवाय अशा पदवीनंतर परदेशी विद्यार्थ्याला तीन वर्षांपर्यंत त्या क्षेत्रात काम करता येते, इतर विषयांत ही मुदत एकच वर्ष असते. काही कॉलेजांत अर्थशास्त्राची पदवीही या तीन वर्षांच्या यादीत बसते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्या. जेडीला प्रवेश घेण्याआधी एक-दोन वर्षे नोकरी करणारे तिथे पुष्कळ असतात आणि लॉ स्कूल त्या अनुभवाची कदर करतात.

जीपीए आणि एलसॅट

लॉ स्कूलचा प्रवेश मुख्यतः दोन आकड्यांभोवती फिरतो: पदवीचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, आणि एलसॅट या प्रवेश परीक्षेचा 120 ते 180 या मापातला गुणांक. अनेक लॉ स्कूल आता जीआरईही स्वीकारतात. प्रत्येक लॉ स्कूल आपल्या विद्यार्थ्यांचे या दोन्हींचे मध्यक आकडे दरवर्षी जाहीर करते, ते पालकांनी जरूर पाहावेत. जीपीएची मोजणी कॉलेजवर सोडलेली नसते. पहिली पदवी मिळेपर्यंतच्या अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांचे गुण एकाच मापाने पुन्हा मोजले जातात. नापास झालेला विषय पुन्हा देऊन सोडवला, तरी पहिला गुण गुणपत्रिकेवर असेल तर बहुधा तोही धरला जातो. नावाजलेल्या कॉलेजात मागे रेंगाळण्यापेक्षा मध्यम नावाच्या कॉलेजात वरच्या फळीत राहणे या वाटेवर अनेकदा फायद्याचे ठरते.

लॉ स्कूलला प्राध्यापकांची शिफारसपत्रेही लागतात. शंभर-दोनशे मुलांच्या वर्गात प्राध्यापकाला नाव लक्षात राहणे कठीण. म्हणून आमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना यांसारखी लहान लिबरल आर्ट्स कॉलेजे यादीत ठेवावीत. ही नावे आपल्याकडे फारशी कानावर येत नाहीत, पण लॉ स्कूलच्या प्रवेश समित्या ती चांगली ओळखतात.

पैशाचे काय?

महागड्या खासगी लॉ स्कूलमध्ये फी आणि राहणे-खाणे धरून वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे खर्च जातो. अमेरिकी सरकारचे विद्यार्थी कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. तिथले खासगी कर्ज हवे तर बहुतेकदा अमेरिकेतला जामीनदार लागतो. पहिल्या चार वर्षांसाठीच इथले घर तारण ठेवले, तर जेडीसाठी हातात काय उरेल?

म्हणून आर्थिक मदतीची चौकशी आधी करा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, आमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडिन ही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि गरजेइतकी मदत देतात. प्रवेश अर्थातच अतिशय कठीण. बाकी बहुतेक कॉलेजांत मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होऊ शकते. सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना मदत सहसा थोडीच मिळते. पुढे लॉ स्कूलच्या पातळीवर हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड फक्त गरजेवर मदत देतात, तर इतर अनेक लॉ स्कूल चांगल्या जीपीए-एलसॅटवर शिष्यवृत्ती देतात. पदवीत कमावलेले गुण इथे पुन्हा पैशाच्या रूपाने कामी येतात.

व्हिसाची बाजू

जेडीनंतर विद्यार्थी व्हिसावर साधारण एक वर्ष काम करता येते. पुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. त्याचा वार्षिक कोटा 85 हजारांचा आहे आणि अर्ज जास्त आले की सोडत निघते. असा व्हिसा पुरस्कृत करण्याची तयारी प्रामुख्याने मोठ्या लॉ फर्म दाखवतात. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना अमेरिकी नागरिकत्व लागते. हे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे ‘व्हिसा मिळाला नाही तर काय?’ याचे उत्तर कर्ज काढण्याआधी तयार हवे.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

- परदेशी विद्यार्थ्यांना सरासरी किती मदत देता आणि ती चारही वर्षे टिकते का?
- कायद्याकडे जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र सल्लागार आहे का?
- गेल्या काही वर्षांत तुमचे विद्यार्थी कोणत्या लॉ स्कूलमध्ये गेले? त्यांत परदेशी विद्यार्थी किती?
- पहिल्या वर्षाच्या वर्गात किती मुले असतात?
- निवडलेल्या विषयानंतर काम करण्याची मुदत एक वर्ष की तीन?

अखेर दोन प्रवेशपत्रे हातात आली, एक मोठ्या नावाचे पण पूर्ण फीचे आणि दुसरे कमी नावाचे पण भरीव शिष्यवृत्तीचे, तर जेडीकडे जाणाऱ्याने बहुतेक वेळा दुसरे स्वीकारावे. बारच्या परीक्षेला बसताना आणि पहिली नोकरी शोधताना पुढे येते ते लॉ स्कूलचे नाव. पहिल्या पदवीचे कर्ज मात्र तेव्हाही फेडावेच लागते.