चिनी नामांचे देवनागरी लेखन

१

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास एका चिनी यात्रेकरूची गाठ अटळपणे पडते. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे व प्रजेचे वर्णन करून ठेवणारा हा बौद्ध भिक्षू मराठी ग्रंथांत कोठे ‘ह्युएन-त्संग’, तर कोठे ‘युआन च्वांग’ या नावाने येतो. आजचे रोमी लेखन इंग्रजी वळणाने वाचले, तर त्याचाच ‘झुआनझांग’ होतो. हे तीन निरनिराळे प्रवासी होत, असे नवख्या अभ्यासकास वाटले, तर दोष त्याचा नव्हे. चिनी नाव मराठीत थेट न येता इंग्रजीच्या वाटेने येते, आणि त्या वाटेवर देवनागरीचे एक मोठे सामर्थ्य वाया जाते.

२

प्रमाण चिनी भाषेत प-ब, त-द, क-ग असा अघोष व घोष स्पर्शांचा भेद नाही. तेथील भेद अल्पप्राण व महाप्राण यांचा, म्हणजे प-फ, त-थ, क-ख असा आहे. भारतीय वर्णमालेत हा भेद प्राचीन काळापासून प्रतिष्ठित आहे. रोमी लिपीत मात्र महाप्राणास स्वतंत्र अक्षर नाही. वेड व जाइल्स यांच्या एकोणिसाव्या शतकातील पद्धतीत महाप्राणाची खूण म्हणून अक्षरानंतर वरच्या बाजूस एक स्वल्पविराम येई. वृत्तपत्रांनी तो गाळला आणि दोन्ही वर्ण एक झाले. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या ‘पिन्यिन’ पद्धतीने वेगळी युक्ती योजली. रोमी लिपीतील ब, द, ग यांची अक्षरे तिने अल्पप्राण प, त, क यांना दिली व प, त, क यांची अक्षरे महाप्राण फ, थ, ख यांना दिली. हा केवळ संकेत होय. परंतु इंग्रजीच्या सवयीने तो शब्दशः वाचला जातो.

परिणाम असा, की काही नामांच्या बाबतीत जुने लेखन नव्याहून मूळ उच्चाराच्या अधिक जवळ आहे. ‘माओ त्से-तुंग’ हे रूप ‘माओ झेडाँग’पेक्षा सरस ठरते; ‘झाऊ’पेक्षा ‘चाऊ’ बरे. राजधानीचे नाव ‘पेकिंग’ नव्हे आणि ‘बीजिंग’ही नव्हे, तर ‘पेइचिंग’ असे लिहिणे उच्चारानुसारी होईल. चीनमधून होणाऱ्या हिंदी प्रसारणात ‘शी चिनफिंग’ असे लिहिले जाते, ते याच तत्त्वाने. या न्यायाने खुद्द ‘पिन्यिन’चेही ‘फिन्यिन’ व्हावयास हवे.

३

तथापि देवनागरीच्याही मर्यादा आहेत. ‘चमचा’ शब्दातील दन्त्य च मराठीच्या मुखात आहे, पण लिपीत त्यास वेगळे चिन्ह नाही. म्हणून तत्सदृश चिनी ध्वनीसाठी ‘त्स’ हे जोडाक्षर स्वीकारावे लागते. आपल्या यात्रेकरूचे नाव ‘श्युआन-त्सांग’ असे लिहिता येईल, ते त्यामुळेच. ‘फ’चा उच्चार आज पुष्कळदा दन्त्योष्ठ्य होतो, आणि चिनी भाषेत तो ध्वनी स्वतंत्र असल्याने घोटाळा संभवतो. सुरांचा प्रश्न याहून बिकट आहे. शेजारशेजारच्या दोन प्रांतांची नावे केवळ पहिल्या अक्षराच्या सुराने भिन्न आहेत; देवनागरीत दोन्ही ‘शान्शी’च होतात. रोमी लेखनात एकात स्वर दुप्पट करून हा भेद राखतात. तसेच मराठीत ‘शाआन्शी’ लिहिणे शक्य आहे.

४

नाव म्हणजे केवळ ध्वनी नव्हे. ज्या भाषेस जग ‘मँडरिन’ म्हणते, तिचे हे नाव पोर्तुगीज व मलाय भाषांतून मागे जात संस्कृत ‘मन्त्रिन्’ शब्दाशी पोचते. चीनमध्ये तीच भाषा ‘फुथुंगह्वा’, म्हणजे सर्वसामान्यांची बोली; तैवानमध्ये ‘क्वोयू’, म्हणजे राष्ट्रभाषा; आणि सिंगापुरात ‘ह्वायू’ होय. प्रत्येक नावामागे एक राजकीय भूमिका आहे. देशाचे स्वतःचे नाव ‘चुंगक्वो’, अर्थात मध्यदेश. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानाने मात्र हाच शब्द गंगाखोऱ्यातील मध्यदेशासाठी योजला होता.

प्रदेशनामांत ही बाब अधिक नाजूक होते. तिबेटी लोक आपल्या देशास ‘बोद्’ म्हणतात. संस्कृतातील ‘भोट’ त्याचेच रूप होय. चिनी नाव ‘शीत्सांग’. नोव्हेंबर २०२३ मधील चीन सरकारच्या श्वेतपत्रिकेच्या इंग्रजी शीर्षकातही ‘तिबेट’ऐवजी तेच आले. उच्चारशुद्धीच्या नावाखाली मराठीने ते स्वीकारल्यास नकळत एक पक्ष घेतल्यासारखे होईल. उलट ‘ल्हासा’ हे नाव पिन्यिनमध्येही तिबेटी उच्चारास धरूनच लिहितात.

५

यावरून तीन नियम सुचतात. ‘चीन’, ‘तिबेट’, ‘हाँगकाँग’ अशी रूढ नावे तशीच राहावीत. इतर चिनी नावे अल्पप्राण-महाप्राण भेद राखून लिहावीत आणि सूचीत जुनी रूपेही द्यावीत. तिबेटी, उइगुर, मंगोल नावे त्या त्या भाषेतूनच घ्यावीत. भारतीय नावे चिनी अक्षरांत उतरविण्यासाठी श्युआन-त्सांगाने ध्वनी व अर्थ यांचा बारकाईने विचार केला होता. त्याचे स्वतःचे नाव लिहिताना भारतीय भाषांनी तेवढी काळजी घेणे अगत्याचे आहे.