मेळ जमतो कसा व मोडतो कसा



बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या वाटेवरील एखाद्या गांवीं रात्रीचीं जेवणें आटोपण्याच्या सुमारास आपण थांबलों, तर आठवड्यांतून एका तरी दिवशीं टाळांचा आवाज कानीं पडतो. कोठें देवळाच्या सभामंडपांत, कोठें पारावर, कोठें उपासनामंदिरांत दहावीस माणसें मांडी घालून बसलेलीं दिसतात. त्यांत दिवसभर उंसाला पाणी देऊन आलेला शेतकरी असतो, किराणा दुकानदार असतो, शाळेचा मास्तर असतो, आणि आवाज फुटूं लागलेलीं पोरेंहि असतात. ह्यांपैकीं बहुतेकांस गाण्याबद्दल पैसा मिळत नाहीं, आणि बहुतेकांनीं गवयापाशीं शिक्षणहि घेतलेलें नसतें. तरी ही मंडळी वर्षानुवर्षें ठरल्या वारीं जमते. आजच्या पाठांत आम्ही ह्या साध्या गोष्टीचा विचार करणार आहों. अशा माणसांचा मेळ कशानें जमतो व कशानें मोडतो, हें नीट समजलें, तर जेथें जेथें चार माणसें एका कामासाठीं एकत्र येतात तेथें तें उपयोगी पडेल.

१. आठवड्याचा क्रम

भजनास खरी सुरुवात गाण्याच्या आधींच होते. मृदंग वाजविणारा आपल्या पखवाजाच्या डाव्या तोंडास भिजविलेली कणीक लावितो, म्हणजे तिकडून खोल व भरदार नाद निघतो. उजव्या तोंडास शाई असते. चामड्याच्या वादीखालील लाकडी गठ्ठे हातोडीनें खालींवर ठोकून तो तें तोंड पेटीच्या सुरास मिळवितो. मग "आज काळी एक कीं काळी दोन?" हा प्रश्न निघतो. फार उंच पट्टी धरिली तर म्हाताऱ्यांचा आवाज पोंचत नाहीं, आणि फार खालची धरिली तर पोरांचे आवाज बसतात. जींत सर्वांस गातां येईल ती पट्टी पुढारी गाणारा शोधून काढितो. ह्या पहिल्याच गोष्टींत पुष्कळ शहाणपण आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नंतर एकजण ध्रुवपद उचलतो, टाळकरी तें झेलतात, आणि आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर तेंच पद पुनःपुन्हां घोळविलें जातें. चरण एकानें म्हणावा, ध्रुवपद सर्वांनीं म्हणावें, अशी ही वांटणी आहे. नवी चाल कागदावर लिहिलेली नसते. ती एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानांत जाते. अलीकडे पुष्कळजण फोनवर चाल ऐकून येतात, तरी ती मंडळांत बसून दहा वेळां म्हटल्यावांचून अंगीं मुरत नाहीं.

बारामतीस अठराव्या शतकांत मोरोपंत (१७२९–१७९४) राहत होते. त्यांच्या आर्या विद्वत्तेनें भरलेल्या आहेत. आर्या एकानें म्हणावी व इतरांनीं ऐकावी, असा तिचा स्वभाव आहे. अभंग एकानें उचलावा व सर्वांनीं झेलावा, असा त्याचा. दोहोंसहि मान आहे. परंतु अक्षरओळख नसलेल्या मनुष्याला गाणाऱ्यांत जागा मिळाली ती अभंगामुळें. हीच गोष्ट ओळखून रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं मराठी मंडळ्यांसाठीं अभंग व भजनें रचिलीं, आणि परक्या चालींनीं अडखळणाऱ्या जिभा मोकळ्या केल्या.

ह्या आठवड्याआठवड्याच्या अभ्यासाची परीक्षा आषाढीच्या आधीं होते. संत तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनीं १६८५ सालीं पालखीचा प्रघात पाडला, आणि ती पालखी देहूहून निघून बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर ह्या वाटेनें पंढरपुरास जाते. काटेवाडीस परीट समाजाचे लोक पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घालितात, आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या तिच्याभोंवतीं धांवडवितात. बेलवाडी व इंदापूर येथें अश्वांचें गोल रिंगण होतें. दिंडींत वीणेकरी, मृदंग वाजविणारे व टाळकरी चालतां चालतां गातात. पाऊस असो वा चिखल असो, ठेका सुटत नाहीं. कारण तो वर्षभर एका जागीं बसून पक्का केलेला असतो.

२. मेळ बिघडतो कोठें

मंडळ बहुधा वाईट आवाजामुळें मोडत नाहीं. तें चांगल्या आवाजामुळें मोडतें. एखाद्याचा गळा गोड असतो, लोक त्याची वाहवा करितात, आणि हळूहळू सर्व चरण तोच म्हणूं लागतो. मग टाळकऱ्यांपैकीं एकास शेतावर काम निघतें, दुसऱ्याचे गुडघे दुखूं लागतात, तिसरा कारण न सांगतांच येईनासा होतो. सहा महिन्यांनीं गोड गळ्याचा मनुष्य पेटीवाल्यासह एकटाच उरतो, आणि गांवांत भक्ति राहिली नाहीं म्हणून हळहळतो!

ह्यावर आपल्याच लोकांनीं एक सुंदर उपाय काढिला आहे. त्यास चक्री भजन म्हणतात. ह्यांत एकानें एक अभंग म्हटला कीं पुढील अभंग शेजाऱ्यानें म्हणावयाचा, आणि असें करीत पाळी सर्व बैठकीभर फिरवावयाची. ज्याचा आवाज घोगरा त्याचीहि पाळी येते, आणि त्या वेळीं गोड गळ्याच्या मनुष्यानें त्याचें ध्रुवपद झेलावें लागतें. पुढारी होण्यापेक्षां झेलकरी होणें कठीण आहे. कारण झेलणाऱ्यास दुसऱ्याचें ऐकावें लागतें.

३. न्हाव्याच्या दुकानावरून नांव पडलेलें गाणें

ऐकण्याची ही विद्या दूरदेशीं निराळ्या रीतीनें कशी वाढली, हें पाहिल्यास आपल्या मंडळाचीहि अधिक ओळख पटेल. गांवांतील न्हाव्याचें दुकान म्हणजे केस कापण्याचीच जागा नव्हे, हें आपणांस ठाऊक आहे. पाळीची वाट पाहणारे लोक तेथें बाजारभाव बोलतात, पावसाचा अंदाज घेतात, लग्नें जुळवितात. संतमंडळींतील सेना महाराज न्हावीच होते, आणि त्यांचे अभंग अजून गाइले जातात. इंग्लंडांत सोळाव्या व सतराव्या शतकांत न्हाव्याच्या दुकानीं गिऱ्हाइकांसाठीं एक तंतुवाद्य टांगलेलें असे. पुढें अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णी तरुण अशा दुकानांत व रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चौघे मिळून वाद्यावांचून गाऊं लागले. प्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग हे लहानपणीं न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यांवर अशाच चौकडींत गात असत. ह्या प्रकारास तिकडे "बार्बरशॉप" म्हणजे न्हाव्याच्या दुकानचें गाणें म्हणतात.

१९३८ सालच्या एप्रिल महिन्यांत टल्सा नगरीं ओ. सी. कॅश व रूपर्ट हॉल ह्या दोन गृहस्थांनीं हें गाणें मरूं नये म्हणून मित्रांस बोलाविलें. पहिल्या बैठकीस २६ जण आले, आणि त्यांतून मोठी संस्था वाढली. आज त्या पद्धतीनें गाणाऱ्या पुष्कळ मेळ्यांत चौघेच नसून वीस, पन्नास, शंभर माणसें असतात. आठवड्यांतून एका संध्याकाळीं तीं एखाद्या शाळेंत किंवा उपासनामंदिराच्या दिवाणखान्यांत जमतात. तेथें पेटी नाहीं, मृदंग नाहीं. शिक्षक एका लहानशा फुंकणीनें सूर देतो, आणि त्यावरून सर्व गाणें उभें राहतें. अभ्यास संपल्यावर कित्येकजण लगेच घरीं जात नाहींत. चौघे चौघे कोंडाळें करून गाण्याचा शेवटचा तुकडा एकमेकांस तोंडीं शिकवितात व पुनःपुन्हां म्हणतात. आपल्याकडे भजन संपून चहा झाल्यावरहि दोघेतिघे पायरीवर बसून चाल घोळवीत राहतात, तसेंच हें.

भेद एवढाच कीं, आपल्या भजनांत सर्व एकच चाल म्हणतात, आणि त्यांच्यांत चार निराळे सूर एकाच वेळीं लागतात. मुख्य चाल म्हणणाऱ्यास लीड म्हणतात. त्याच्या वरून हलक्या आवाजानें टेनर गातो, आणि खालून बास हा घराच्या पायाप्रमाणें आधार देतो. चौथा बॅरिटोन. त्याचे सूर कधीं चालीच्या वर, कधीं खालीं, जेथें पोकळी राहील तेथें जातात. त्याचें गाणें एकटें ऐकिलें तर तें गाणें आहे असेंहि वाटत नाहीं. परंतु तो गप्प बसला तर सर्व मेळ पोकळ होतो. आमच्या मतें प्रत्येक मंडळांत असा एक तरी मनुष्य असतो. सतरंजी तो झाडतो, दिवा तो लावितो, ध्रुवपद तो झेलतो. आणि तो आजारी पडला म्हणजेच त्याची किंमत कळते.

४. कोणीहि न गाइलेला सूर

ह्या चार सुरांविषयीं एक चमत्कारिक गोष्ट सांगतात. ते बिनचूक जुळले म्हणजे कोणीहि म्हणत नसलेला आणखी एक उंच सूर हवेंत घुमूं लागतो. ही कल्पना नव्हे. आपल्याकडे तंबोरा उत्तम लागला म्हणजे गांधार ऐकूं येतो, आणि तंबोऱ्याची एकहि तार गांधारांत लाविलेली नसते! कोणताहि सूर उत्पन्न झाला कीं त्याच्या पोटांत दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट अशा वेगाचे बारीक सूर असतात. खर्जाच्या पांचपट वेगाचा जो सूर तोच हा गांधार होय. निरनिराळ्या गळ्यांतील असे बारीक सूर एकमेकांवर अचूक बसले म्हणजे त्यांचा जोर वाढून ते कानास स्पष्ट ऐकूं येतात.

ते बसावे म्हणून प्रमाण संभाळावें लागतें. जितक्या वेळांत षड्जाचीं चार कंपनें होतात, तितक्या वेळांत गांधाराचीं पांच व पंचमाचीं सहा व्हावीं लागतात. पेटीचा गांधार ह्या प्रमाणाहून किंचित् चढा असतो. म्हणून पेटीवर भार टाकून गाणाऱ्यास हा अनुभव सहसा येत नाहीं. जो शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला सूर केंसभर खालींवर करितो, त्यालाच तो येतो. शेजारी ऐकूं येत नसेल, तर आपण फार मोठ्यानें गात आहों असें समजावें.

५. दार कोणास बंद होतें

आतां ह्या पाठाचा कठीण भाग. इतकें बारीक ऐकणारी ती अमेरिकेंतील संस्था एका बाबतींत बहिरी होती. १९४१ सालीं न्यू यॉर्क शहराच्या स्पर्धेंत रेल्वेस्थानकावरील कृष्णवर्णी हमालांची चौकडी पहिली आली. तिचें नांव ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स. परंतु सर्व देशाच्या स्पर्धेंत तिला घेण्यास संस्थेनें नकार दिला, कारण गाणारे गोरे नव्हते. ज्यांच्या वाडवडिलांनीं हें गाणें वाढविलें त्यांनाच दार बंद! त्याचा निषेध म्हणून अल स्मिथ व रॉबर्ट मोझेस ह्या दोन वजनदार गृहस्थांनीं संस्थेशीं संबंध सोडिला. तरी तो निर्बंध जावयास १९६३ साल उजाडावें लागलें. स्त्रियांनीं १९४५ सालीं टल्सा येथेंच आपली निराळी संस्था काढिली होती. मूळ संस्थेनें त्यांस सभासद होण्याची मुभा दिली ती २०१८ सालीं.

हें वाचून आपण परक्यांस हंसूं नये. चोखोबांचे अभंग सर्वांनीं गाइले, त्यांची पत्नी सोयराबाई हिचेहि गाइले. परंतु चोखोबांस देवळाच्या आंत पाऊल टाकूं दिलें नाहीं, आणि त्यांची समाधि पंढरपुरास महाद्वाराबाहेरच आहे. त्यांच्यामागून सहा शतकें लोटल्यावर, १९४७ सालच्या मे महिन्यांत, साने गुरुजींनीं दहा दिवस उपोषण केलें, तेव्हां तें दार सर्वांसाठीं उघडण्याचें ठरलें. गाणें आंत घ्यावयाचें आणि गाणाऱ्यास बाहेर ठेवावयाचें, ही रीत आपल्याच मातींतली आहे.

आणि आपल्या मंडळ्यांचें काय? ज्यांनीं एके काळीं दाराबाहेर उभें राहण्याचें दुःख भोगिलें, त्यांच्या बैठकींतहि कधीं कधीं पुढची सतरंजी कोणाची व मागची कोणाची हें जुन्या घराण्यावरून ठरतें. बायकांनीं ध्रुवपद म्हणावें पण चरण उचलूं नये, असेंहि कोठें कोठें मानितात. महाराष्ट्रांत आज स्त्रियांचीं स्वतंत्र भजनीमंडळें गांवोगांव आहेत. त्यांचें गाणें ज्यांनीं ऐकिलें आहे त्यांस ह्या समजुतींत कांहीं अर्थ नाहीं हें सांगावयास नको. जो मेळ आंतील सूर जुळवितो आणि बाहेरच्या माणसास बसूं देत नाहीं, त्याचे टाळ कितीहि एका वेळीं पडोत, तो बेसूरच होय.

६. आपण काय करावें

उपदेशक व पुढारी बंधूंस आमची सूचना थोडक्यांत अशी. वार ठरवावा, व माणसें थोडीं आलीं म्हणून तो मोडूं नये. पट्टी सर्वांस पेलेल अशी धरावी. महिन्यांतून एक रात्र चक्री भजनास द्यावी, आणि त्या रात्रीं बायका, मुलें व नवीं आलेलीं माणसें ह्यांची पाळी चुकूं देऊं नये. एक ध्रुवपद टाळ व पेटी बाजूस ठेवून हळू म्हणावें, आणि प्रत्येकास शेजाऱ्याचा आवाज ऐकूं येतो कीं नाहीं हें विचारावें.

विचारासाठीं प्रश्न

(१) आपल्या मंडळांत चरण कोण कोण म्हणतात? कधींच न म्हणणारे कोण, व कां?

(२) गेल्या वर्षीं कोणी येण्याचें सोडिलें? त्यांच्या घरीं जाऊन कोणी विचारिलें काय?

(३) ज्याच्यावांचून मेळ पोकळ होईल, परंतु ज्याचें नांव कोणी घेत नाहीं, असा मनुष्य आपणांत कोण?

(४) आपल्या बैठकीच्या दारापाशीं उभा राहून गाणें ऐकणारा व आंत न येणारा कोणी आहे काय?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर "आहे" असें निघालें, तर पुढील अभंग सुरू करण्यापूर्वीं एकानें उठून त्याच्या हातीं टाळ द्यावे.