“समजलं का?” एवढं विचारून भागत नाही : नवख्याला काम कसं शिकवावं



शिक्षण आटोपून मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा कामावर जाते. पंधरा दिवसांत घरी येऊन म्हणते, “मला नाही जमत तिथलं.” आपण लगेच म्हणतो, “लक्ष देत नसशील.” तिकडे सुपरवायझरचंही तेच म्हणणं असतं. पण ते काम तिला नीट शिकवलं होतं का, हे कोणी विचारत नाही. आजच्या लेखात हाच प्रश्न घेऊ या, कारण यावर एक जुनं आणि कसाला उतरलेलं उत्तर आहे.

पार्श्वभूमी

1940 साली अमेरिकेत युद्धसामग्रीचं उत्पादन झपाट्याने वाढवायचं होतं. अनुभवी कामगार कमी पडत होते आणि पुढे तर अनेक जण सैन्यात गेले. त्यांच्या जागी कारखान्याचं तोंडही न पाहिलेली माणसं आली. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. एकेकाला शिकवत बसायला वेळ नव्हता. तेव्हा सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना सुरू केली. तिचं सूत्र सोपं होतं : आधी सुपरवायझरला शिकवायला शिकवा, मग तो आपल्या माणसांना शिकवील.

यातला प्रत्येक अभ्यासक्रम फक्त 10 तासांचा होता, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा. असे मुख्य तीन अभ्यासक्रम होते : काम कसं शिकवावं, कामाची पद्धत कशी सुधारावी आणि माणसांशी कसं वागावं. 1945 मध्ये योजना बंद झाली, तोवर 16 हजारांहून जास्त कारखान्यांतल्या 16 लाखांहून जास्त लोकांनी हे प्रशिक्षण घेतलं होतं. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपनीने ती आपलीशी केली.

गाठीचा प्रयोग

‘काम कसं शिकवावं’ या अभ्यासक्रमात एक छान प्रात्यक्षिक असे. जुन्या घरांत वायरला लटकणारा बल्ब आठवा. होल्डरच्या आत त्या दोन वायरींची एक खास गाठ मारतात, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर न येता गाठीवर येतो. प्रशिक्षक एकाला पुढे बोलावून ही गाठ नुसती तोंडाने सांगे. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्याला न बोलता नुसती करून दाखवे. त्यालाही जमत नसे, कारण समोर उभं राहून पाहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं. शेवटी तीच गाठ पद्धतशीर चार पायऱ्यांनी शिकवली की समोरचा ती मारून दाखवी.

माणसं तशीच आणि गाठही तीच होती, फरक फक्त शिकवण्यात होता. वर्गात ही गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळं भाषण द्यायची गरजच उरत नसे.

चार पायऱ्या

1. तयारी : शिकणाऱ्याची भीती घालवा. काम कोणतं ते सांगा, त्याला आधी काय येतं ते विचारा आणि त्याला नीट दिसेल अशा जागी उभं करा.

2. सादरीकरण : सांगा, दाखवा, करून दाखवा. एका वेळी एकच टप्पा घ्या. टप्प्यातली कळीची गोष्ट ठासून सांगा. एका वेळी पेलेल तेवढंच द्या.

3. करून घेणं : आता त्याला करू द्या, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करा. मग पुन्हा करताना त्यालाच कळीच्या गोष्टी सांगायला लावा. त्याला येतंय याची तुमची खात्री होईपर्यंत हे चालू ठेवा.

4. पाठपुरावा : त्याला एकट्याने काम करू द्या, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगून ठेवा. सुरुवातीला वारंवार पाहा, मग हळूहळू पाहणं कमी करा.

डी.एड., बी.एड. झालेल्यांना हे वाचून हर्बार्टच्या पाच पायऱ्या आठवल्या असतील. ते साहजिक आहे. या चार पायऱ्यांचा पाया चार्ल्स अ‍ॅलन यांनी पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीचे कामगार तयार करताना घातला आणि त्यांच्या मांडणीचं हर्बार्टच्या विचाराशी असलेलं नातं स्पष्ट दिसतं. म्हणजे वर्गातली विद्या कारखान्यात गेली, असं म्हणायला हरकत नाही.

कळीची गोष्ट म्हणजे काय?

जिच्यामुळे काम बनतं किंवा बिघडतं, जिच्यामुळे इजा होऊ शकते किंवा जिच्यामुळे काम सोपं होतं, ती कळीची गोष्ट. बेंच ड्रिलिंग मशीनचं उदाहरण घ्या.

- टप्पा : जॉब पकडणे. कळीची गोष्ट : हाताने धरायचा नाही, व्हाइसमध्ये घट्ट आवळायचा. कारण : ड्रिल अडकलं तर जॉब गरकन फिरतो आणि हात कापतो.
- टप्पा : ड्रिल बसवणे. कळीची गोष्ट : चक आवळून झाला की चावी काढून ठेवायची. कारण : मशीन सुरू होताच ती चावी उडून लागते.
- टप्पा : भोक पाडणे. कळीची गोष्ट : हातमोजे घालायचे नाहीत. कारण : मोजा ड्रिलमध्ये गुंडाळला गेला तर हातही ओढला जातो.

जुन्या कारागिराच्या या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या सांगायच्या असतात हेच त्याच्या ध्यानात येत नाही. “त्याच्या शेजारी उभा राहा आणि बघ,” एवढ्यावर शिकवणं संपतं. नवख्याला हात फिरताना दिसतो, काढून ठेवलेली चावी दिसत नाही. मग सुपरवायझर विचारतो, “समजलं का?” चारचौघांत “नाही समजलं” म्हणायची हिंमत किती जणांना होते? तो “हो” म्हणतो आणि बटण दाबतो. म्हणून पहिल्या दिवसाआधीच सुपरवायझरने कागदावर टप्पा, कळीची गोष्ट आणि कारण लिहून काढायला हवं. कारण कळलं की माणूस पाठीमागेही नियम पाळतो.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी व्यवसाय विषयाच्या तासाला किंवा प्रयोगशाळेत “समजलं का?” ऐवजी “आता तू करून दाखव आणि असंच का, ते सांग,” असं म्हणून पाहावं. मुलांकडून एखाद्या कामाचा तीन रकान्यांचा तक्ता करून घ्यावा.

पालकांनी घरी कुकरपासून सुरुवात करावी. झाकण लावण्यापूर्वी वाफेची नळी उजेडाकडे धरून मोकळी आहे ना ते का पाहायचं, आणि आतली वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण का उघडायचं नाही, हे मुलाकडूनच वदवून घ्या.

आणि कामावर जाणाऱ्या मुलांना एक सवय जरूर लावा. काम दाखवून झालं की त्यांनी म्हणावं, “साहेब, तुमच्यासमोर एकदा करून दाखवतो, चुकलं तर सांगा.” सुपरवायझरला शिकवायचं कसं हे माहीत नसलं, तरी या एका वाक्याने तिसरी पायरी आपोआप घडते.