बोटींच्या नोंदी लिहिताना

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या मच्छीमार सोसायट्यांसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये बोटी, डिझेल आणि फेऱ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहितो. त्या कामातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. बोट कोणत्या प्रकारची, हे एकाच जागी ठरावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते; बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना ही बंदी नाही. हा फरक प्रत्येक स्क्रीनवर तपासत बसलात, तर नियम बदलल्यावर सगळा कोड धुंडाळावा लागतो. त्यापेक्षा एक फॅक्टरी फंक्शन ठेवा. नोंदणीची माहिती त्याला द्यायची, बोट तयार होऊन मिळते. आत काय ठरलं, ते मागणाऱ्याला कळायची गरज नाही.

२. वंशावळ वाढवू नका. बोट, तिच्यापासून यांत्रिक बोट, तिच्यापासून ट्रॉलर, अशी उतरंड कागदावर छान दिसते. पण नाखवा यंदा होडीला मशीन बसवतो, पुढच्या हंगामात जाळी बदलतो. ऑब्जेक्टचा क्लास मात्र जन्मालाच ठरलेला. म्हणून इंजिन वेगळं, जाळी वेगळी, आणि फॅक्टरीने ती बोटीला जोडायची.

३. फोनमधून परत आलेली बोट ही बोट नसते. मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बोट खोल समुद्रात गेली की रेंज जाते. तांडेल फोनवर नोंद करतो, ती जेसन म्हणून साठते आणि बंदराला लागल्यावर सर्व्हरवर चढते. जेसनमध्ये फक्त माहिती जाते: मेथड गळून पडतात, निघाल्याच्या वेळेची नुसती अक्षरं उरतात. मग 'फेरी किती तासांची?' असं विचारलं की प्रोग्राम अडतो. यावर माझा नियम कडक आहे. फोन, डेटाबेस, ऑफिसातला फॉर्म, माहिती कुठूनही येवो, ती त्याच फॅक्टरीतून आत येणार. नोंदणी क्रमांक आहे का, वेळ खरी आहे का, हे तिथेच तपासायचं आणि अक्षरांची पुन्हा तारीख करायची.

४. फॅक्टरी सोयीची, म्हणून क्लास टाकाऊ ठरत नाही. १९६७ साली नॉर्वेच्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ या भाषेत तो आणला, तो खऱ्या जगातले व्यवहार संगणकावर उभे करण्यासाठी. जावास्क्रिप्टमध्ये क्लासच्या मेथड प्रोटोटाइपवर एकदाच राहतात, सगळ्या ऑब्जेक्टना सामाईक. क्लोजरवाली फॅक्टरी मात्र प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नवी फंक्शन्स बनवते. डिझेलच्या नोंदी हजारोंनी असतात. तिथे मी क्लासच वापरतो. खासगी माहितीची सोयही २०२२ च्या मानकापासून क्लासमध्ये आहे. फॅक्टरी बाहेर आणि क्लास आत, ही जोडी मला सर्वांत आवडते.

५. क्लासची मेथड तशीच बटणाला दिली, तर 'धिस' सुटतं. ती बाण-फंक्शनमध्ये गुंडाळून द्या.