गळ, भरती आणि अपशकुन

हातात गळ घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असे विचारू नये, हा धडा मी वयाच्या सातव्या वर्षी कारवारला शिकलो. मामा पहाटे बांबूची काठी, तंगुसाचे रीळ आणि कोळंबीचा डबा घेऊन निघाले होते. मी अंथरुणातून उठून नेमके तेच विचारले. मामा एक अक्षर न बोलता परत आत आले, पाटावर बसले, घोटभर पाणी प्याले आणि मग पुन्हा निघाले. दुपारी ते रिकाम्या हाताने आले. दोष अर्थातच माझ्या प्रश्नाला मिळाला.

आज मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. ‘अंधश्रद्धा कशी तयार होते’ हा भाग दरवर्षी वर्गात आला की माझ्या डोळ्यांपुढे पुस्तक येत नाही, काळी नदीच्या मुखाजवळचा कोडीबागेचा किनारा येतो. प्रस्तुत लेखात मी हौसेने खाऱ्या पाण्यात गरवणाऱ्या माणसांविषयी लिहिणार आहे. पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्या खारवी, गाबीत, हरिकंत्र बांधवांचा विषय वेगळा आहे. त्यांचा जीव रोज पणाला लागतो, तेव्हा त्यांच्या नवसांकडे किनाऱ्यावरून बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही. हौशी माणसाचा फार तर एक रविवार बुडतो. तरीही तो शकुन-अपशकुन इतक्या निष्ठेने का पाळतो, हा माझा प्रश्न आहे.

हा छंद हिशेबी माणसांचा

प्रथम या छंदाची दुसरी बाजू पाहू. समुद्रातले मोठे मासे काठी आणि रीळ यांनी पकडण्याच्या आधुनिक खेळाचा आरंभ साधारणपणे १८९८ या वर्षापासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या कॅटलिना बेटापाशी चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना (आपल्याकडचा कुपा याच कुळातला) गळाला लावून काढला आणि तिथेच ‘ट्यूना क्लब’ स्थापन केला. पुढे १९३९ साली न्यूयॉर्क येथे ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ ही संस्था निघाली. विक्रमांची नोंद ती ठेवते, आणि तिचे नियम एखाद्या प्रयोगशाळेला शोभतील असे आहेत. वजनकाटा तपासून प्रमाणित केलेला हवा. वापरलेल्या दोऱ्याचा नमुना पाठवावा लागतो. मासा गळाला लागल्यापासून दुसऱ्या कुणी काठीला हात लावला, तर विक्रम बाद!

या काटेकोर नोंदीतला सर्वांत प्रसिद्ध मासा म्हणजे आल्फ्रेड ग्लासेल यांनी ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशातील काबो ब्लांको येथे पकडलेला काळा मार्लिन. वजन १५६० पौंड, म्हणजे सातशे किलोंच्याही वर. सत्तर वर्षे उलटली, तरी तो विक्रम अजून मोडलेला नाही.

म्हणजे हा छंद भोळ्याभाबड्यांचा नव्हे. वजन, दोऱ्याची ताकद, पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा या सर्वांचा हिशेब करणारी ही माणसे. पण हवाई आणि फ्लोरिडा इकडच्या हौशी मच्छीमारांच्या बोटीवर तुम्ही डब्यात केळे घेऊन गेलात, तर ते तुम्हाला उतरवून ठेवायला लावतील. केळे बोटीवर असले की मासा लागत नाही, ही तिकडची पक्की समजूत. आमिषावर थुंकून मग गळ टाकण्याची रीत इंग्लंड-अमेरिकेतही आहे. कुणी एकच जुनी टोपी वर्षानुवर्षे वापरतो, कुणी घरी पोचेपर्यंत मासे मोजू देत नाही. आमच्या मामांची टोपी नव्हती. त्यांचा एक खाकी शर्ट होता, आणि तो मोसमात धुवायचा नाही असा मामीला हुकूम होता.

अनिश्चिततेचे मूल

याची मीमांसा करताना मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांचे निरीक्षण नेहमी सांगितले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथले लोक दोन प्रकारे मासे पकडत. आतल्या शांत खाजणात विषारी वनस्पती वापरून पकडत, आणि बाहेर खुल्या समुद्रातही जात. खाजणात मासे हमखास मिळत आणि धोका नसे. तिथे मंत्रतंत्र नव्हते. खुल्या समुद्रात धोका होता, आणि मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती. तिथे मात्र विधींची रेलचेल होती. माणसाचे ज्ञान आणि कौशल्य जिथे संपते, तिथे जादूटोणा सुरू होतो, असे त्यांचे प्रतिपादन.

दुसरा दाखला स्किनर यांच्या १९४८ सालच्या प्रयोगाचा. त्यांनी आठ भुकेली कबुतरे पेट्यांत ठेवली आणि कबूतर काय करते याच्याशी काहीही संबंध न ठेवता ठराविक वेळाने दाणे पुढे आणले. आठांपैकी सहा कबुतरांना निश्चित सवयी लागल्या. एक गिरक्या घेऊ लागले, एक कोपऱ्यात डोके घुसवू लागले. दाणे येण्याच्या क्षणी जे घडत होते, तेच जणू दाण्यांचे कारण ठरले. पुढे १९७१ साली स्टॅडन आणि सिमेलहाग यांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते कबुतरांच्या त्या हालचाली अपघाताने जडलेल्या नसून, अन्नाची वाट पाहणाऱ्या पक्ष्याच्या स्वाभाविक हालचाली होत्या. तेव्हा कबुतरांविषयी वाद आहे. पण माणसाविषयी एक गोष्ट प्रयोगांनी पुन्हापुन्हा दाखवली आहे : ज्या कृतीला कधी फळ मिळते, कधी मिळत नाही आणि केव्हा मिळेल ते सांगता येत नाही, ती सवय सुटता सुटत नाही. गळ टाकून बसणे हे याचे उत्तम उदाहरण. वीस वेळा काही नाही, एकविसाव्या वेळी दोरा सणसणतो. त्या क्षणी अंगावर जो शर्ट असेल, तो धुवू नये असे वाटणारच.

पंचांग खोटे नव्हे

इथे एक सावधगिरीचा इशारा देतो, कारण विद्यार्थी घाईने सगळेच मोडीत काढतात. मामा गरवायला जाण्याआधी पंचांग पाहत. कॉलेजात नवा असताना मला हेही थोतांड वाटे. ती माझी चूक होती. भरती-ओहोटी चंद्राशी बांधलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा कोकणातला जुना ढोबळ हिशेब याच गतीवर उभा आहे. चोणक (रायगडाकडचा जिताडा) हा मासा खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये ये-जा करतो, आणि चढत्या पाण्याबरोबर आत शिरणाऱ्या लहान माशांच्या मागावर असतो. तेव्हा तिथी पाहून निघणारा माणूस शहाणाच म्हटला पाहिजे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी न घालण्याच्या प्रथेतही खवळलेल्या पाण्याचे ज्ञान साठवलेले आहे.

मग फरक कुठे करायचा? ‘जुने की नवे’ यावर तर नव्हेच. दोन प्रश्न विचारावेत. कारणापासून परिणामापर्यंत जाणारी वाट दाखवता येते का? आणि अंदाज चुकला, तर ती चूक कुणी मोजतो का? तिथीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून माशापर्यंत वाट आहे. केळ्यापासून माशापर्यंत ती नाही.

माई

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो लिहावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

मामांच्या घरी माझ्या आजीची धाकटी बहीण राहत असे. तिला सगळे माई म्हणत. ती ऐन विशीत विधवा झालेली. ‘निघताना माई समोर येऊ नये’ असे त्या घरात कुणी उघड बोलत नसे. पण मामा मागच्या दाराने निघत, आणि ते का, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते.

१९८४ च्या दिवाळीच्या सुटीत, मी आठवीत असताना, मामांनी मला प्रथमच स्वतंत्र गळ दिला. पहाटे निघताना माई परसदारी चूल पेटवायला आली होती, ती समोर पडली. किनाऱ्यावर तीन तास उभे राहून मला एकच मासा लागला, तोही दोरा तोडून गेला. घरी आलो तेव्हा माईने कौतुकाने विचारले, “मिळाला का रे काही?” मी म्हणालो, “तू पहाटे दारात उभी होतीस ना? मग कसा मिळेल?”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सुटी संपेपर्यंत ती आमच्या आधी उठून न्हाणीघरात जाऊन बसे, आणि आम्ही फाटकाबाहेर पडल्यावरच बाहेर येई. तिला तसे करायला कुणी सांगितले नव्हते. करू नकोस असेही कुणी सांगितले नाही. मीही नाही.

पुढे बी. ए. ला असताना स्किनरची कबुतरे अभ्यासाला आली आणि मला एक जुनी पहाट आठवली. मामांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मासा म्हणजे १९८२ साली मिळालेला अकरा किलोंचा चोणक. त्याची कथा आमच्या घरी दर दिवाळीला सांगितली जाई. तो तीनदा कसा पाण्याबाहेर उसळला, दोरा खडकाला कसा घासला, मामा कमरेइतक्या पाण्यात कसे शिरले. सर्व तपशील पाठ. एकच तपशील त्या कथेत कधी आला नाही. त्या पहाटे वीज गेली होती, आणि फाटकापर्यंत कंदील धरून पुढे चालणारी माई होती. मला ते पक्के आठवते, कारण तिचा पदर धरून मी मागे चालत होतो.

सुटीत कारवारला गेल्यावर मी मामांना हे सांगितले. ते जरा थांबले आणि म्हणाले, “अरे, त्या दिवशी भरतीच तशी होती!”

मित्रहो, अपशकुनाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. मासा मिळाला की श्रेय भरतीचे. नाही मिळाला की दोष माईचा. भरती तर दोन्ही दिवशी होती आणि माईही दोन्ही दिवशी होती.

म्हणून मी वर्गात फळ्यावर चार चौकटी काढतो. अपशकुन झाला, मासा नाही. अपशकुन झाला, मासा मिळाला. अपशकुन नाही, मासाही नाही. अपशकुन नाही, मासा मिळाला. या चारही चौकटी भरल्याशिवाय कोणताही संबंध सिद्ध होत नाही. आपली स्मृती मात्र पहिलीच चौकट जपून ठेवते. उरलेल्या तीन चौकटी कथेच्या कामाच्या नसतात, म्हणून गळून पडतात. मी स्वतः पुढे दोन मोसम वही ठेवली. तिथी, पाणी, आमिष, निघताना कोण भेटले आणि काय मिळाले, असे रकाने पाडले. ‘कोण भेटले’ आणि ‘काय मिळाले’ यांचा काही मेळ बसेना. चढत्या पाण्याचा थोडाफार बसत होता. दोन मोसमांच्या वहीने मोठा सिद्धान्त उभा राहत नाही, हे मान्य. पण कुणाला न्हाणीघरात बसवण्याइतका पुरावा तीत नव्हता, एवढे नक्की.

हेमिंग्वे यांची १९५२ सालची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. हेमिंग्वे स्वतः मोठ्या माशांच्या मागे हौसेने फिरणारे. त्या कादंबरीतल्या म्हाताऱ्याला चाळीस दिवस मासा मिळत नाही, म्हणून मुलाचे आईबाप त्याला ‘सालाओ’, म्हणजे अगदी करंटा ठरवतात आणि मुलाला दुसऱ्या होडीवर पाठवतात. आपण तो प्रसंग माणसाच्या जिद्दीची प्रस्तावना म्हणून वाचतो. मला तिथे माई दिसते. न धुतलेल्या शर्टाने कुणाचे काही बिघडत नाही. केळे घरी ठेवले तर घरचे खातील. पण नशिबाचे खापर ठेवायला जेव्हा माणूस निवडला जातो, तेव्हा तो नेहमी असाच निवडला जातो, की ज्याला उलट बोलता येत नाही. मामांच्या वाटेत गावचे सावकार अनेकदा आडवे आले. त्यांचा अपशकुन कधी झाल्याचे मला आठवत नाही.

माई १९९३ च्या पावसाळ्यात गेली. चौकटींचा हिशेब मला समजल्यानंतरही दोन वर्षे ती होती. मी मामांशी वाद घातला, वही ठेवली, परीक्षेत या प्रश्नाला चांगले गुण मिळवले; पण तिच्याजवळ बसून ‘माई, त्या दिवशी मी चुकलो’ एवढे म्हणायचे राहून गेले.

अजून मी दिवाळीत कारवारला जातो. पहाटे गळ घेऊन निघताना शेजारची मुले विचारतात, “काका, कुठे निघालात?” मी थांबून नीट उत्तर देतो : कोडीबागेला, चोणकासाठी. आज षष्ठी आहे, पाणी बेताचेच चढेल. मिळेलच असे नाही.