व्यसनमुक्तीच्या उपचारात फार्मासिस्टचे स्थान

रोग्याच्या हाती प्रत्यक्ष औषध ठेवणारा शेवटचा माणूस म्हणजे फार्मासिस्ट. डॉक्टरांची वेळ घ्यावी लागते. मानसोपचारतज्ज्ञ तर पुष्कळदा दूरच्या शहरात असतो. औषधालयात मात्र कोणीही पूर्वसूचना न देता जाऊ शकतो. व्यसनाधीन माणूस लाजेमुळे किंवा विलंबामुळे उपचाराच्या दारातूनच मागे फिरण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्या बाबतीत ही सुलभता विशेष मोलाची ठरते. असे असूनही फार्मासिस्टकडे दीर्घकाळ केवळ विक्रेता म्हणून पाहिले गेले. असे का झाले, हे अमेरिकेच्या इतिहासावरून समजते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अफू व मॉर्फीन असलेली औषधे दुकानांतून सहज मिळत. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने या व्यवहारावर नोंदणी, कर आणि हिशेब यांचे बंधन घातले. व्यवसायाच्या ओघात डॉक्टरांनी अशी औषधे लिहून देण्यास कायद्याची हरकत नव्हती. परंतु व्यसनी माणसाची नित्याची मात्रा चालू राहावी एवढ्याच हेतूने दिलेल्या चिठ्ठीला औषधाची चिठ्ठी म्हणावे काय? मेम्फिस शहरातील वेब नावाचे डॉक्टर आणि गोल्डबॉम नावाचे औषधविक्रेते यांच्या खटल्यात, १९१९ साली, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला नकारार्थी उत्तर दिले. चिठ्ठी लिहिणारा आणि तिच्यावर औषध देणारा असे दोघेही दोषी ठरले. त्यानंतर कित्येक दशके व्यसनी गिऱ्हाइकाला दूर ठेवणे हेच औषधविक्रेत्याला शहाणपणाचे वाटले, यात नवल नाही.

व्यसन हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, या विचाराला १९६० नंतरच्या दशकात बळ मिळाले. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रोग्यांना मेथाडोन देऊन पाहिले. या औषधाचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो. दिवसातून एकदा योग्य मात्रा घेतली की हेरॉइनची तीव्र ओढ शमते आणि माणूस कामधंदा करू शकतो. अमेरिकेने मात्र व्यसनावरील मेथाडोन विशेष केंद्रांपुरतेच मर्यादित ठेवले. ब्रिटनचा मार्ग निराळा होता. तेथे ते नेहमीच्या औषधालयातून दिले जाई. ग्लासगो शहरात १९९० नंतरच्या दशकात रोग्याने रोज फार्मासिस्टच्या देखत औषध पिण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली.

या पद्धतीचा हेतू केवळ औषधाची चोरटी विक्री टाळणे एवढाच नाही. रोज समोर येणारा माणूस आज गुंगीत आहे काय, मद्य पिऊन आला आहे काय, हे फार्मासिस्टला दिसते. रोगी सलग तीन दिवस आला नाही, तर त्याच्या शरीराची सहनशक्ती घटलेली असू शकते आणि नेहमीचीच मात्रा त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी औषध थांबवून डॉक्टरांशी संपर्क साधणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरते. येथे एक छोटा निर्णय एक जीव वाचवितो.

अमेरिकेत २००२ साली ब्युप्रेनॉर्फिन या औषधाला व्यसनोपचारासाठी मान्यता मिळाली. ठराविक मर्यादेनंतर मात्रा वाढविली तरी या औषधाचा श्वसन मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही. म्हणून ते अधिक सुरक्षित मानले जाते. तथापि शरीरात हेरॉइन अद्याप असताना ते घेतल्यास रोग्याला एकाएकी तीव्र यातना सुरू होतात. म्हणजे पहिला डोस केव्हा घ्यावा, हे नीट समजावून सांगणारा कोणी तरी हवा. हे काम फार्मासिस्ट करू शकेल काय, याची परीक्षा ऱ्होड आयलंड या लहान राज्यात घेण्यात आली. तिचे निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांशी केलेल्या कराराच्या आधारे प्रशिक्षित फार्मासिस्टांनी औषधालयातच रोग्यांची तपासणी करून उपचार सुरू केले. प्रकृती स्थिरावलेल्या ५८ रोग्यांचे दोन गट करण्यात आले. महिन्याअखेर औषधालयाच्या गटातील २८ पैकी २५ जण उपचार घेत होते. नेहमीच्या दवाखान्यांकडे पाठविलेल्या ३० पैकी केवळ ५. रोग्यांची संख्या अल्प होती आणि अवधीही लहान होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही एवढी मोठी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. औषध दोन्हीकडे तेच होते; अंतर होते ते ठिकाणाचे.

त्याच वर्षी नॅलोक्सोनचा नाकात मारावयाचा फवारा अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली. अफूवर्गीय द्रव्याच्या अतिमात्रेने थांबू लागलेला श्वास तो काही मिनिटांत पूर्ववत करू शकतो. परंतु त्याचा प्रभाव लवकर ओसरतो आणि धोका पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून रोग्याला तत्काळ रुग्णालयात नेलेच पाहिजे. फवाऱ्याबरोबर ही सूचना देणे हाही औषधाचाच भाग होय.

मनोविकारांच्या बाबतीतही हेच दिसते. लिथियम घेणाऱ्याने अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतले, तर रक्तातील लिथियम विषारी पातळीपर्यंत चढू शकते. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. हे ठाऊक नसलेला रोगी पहिल्या पंधरवड्यातच त्या सोडून देतो. दोन्ही गोष्टी सर्वप्रथम कळतात त्या औषधालयात.

भारतात २०१३ साली औषध नियमांत 'एच-१' ही अनुसूची घालण्यात आली. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, डायझेपाम अशा औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन तिने घातले. या नोंदवहीत रोग्याचे नाव, औषध आणि नग लिहिले जातात. तोच माणूस तेच औषध पुन्हा पुन्हा का मागतो, हा प्रश्न मात्र तिच्यात मावत नाही. तो फार्मासिस्टनेच विचारावयाचा असतो. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रोग्याला समुपदेशन करणे हे त्याच्या कामाचे अंग मानले आहे. परंतु त्यासाठी त्याला प्रशिक्षण हवे, गल्ल्यापासून बाजूला बोलता येईल अशी जागा हवी, आणि विक्रीवर नव्हे तर सेवेवर आधारलेला मोबदला हवा. या गोष्टी नसतील, तर वाढत्या विक्रीत लाभ पाहणारा विक्रेता आणि ती रोखू पाहणारा उपचारक एकाच माणसात झगडत राहतील, आणि त्या झगड्याची किंमत रोग्याला द्यावी लागेल.